नेरूळमध्ये तळमजल्यावर पहिले घर घेत आहे : पुरासाठी विमा किती रकमेचा घ्यावा?

प्रश्न : पहिले_घर

नमस्कार. नेरूळमधील सिडकोने बांधलेल्या एका जुन्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावरचे घर घेत आहोत. चटई क्षेत्र 450 चौरस फूट असून व्यवहार 81 लाखांना ठरला आहे. आमच्या दोघांच्याही घरात याआधी कोणी स्वतःचे घर विकत घेतलेले नाही, त्यामुळे विचारायला मोठे माणूस नाही. पावसाचे पाणी साठवून ठेवणारा धारण तलाव चालत पाच मिनिटांवर आहे. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की आवारात पाणी साचते, असे शेजाऱ्यांनी स्वतःहून सांगितले.

बँकेतून कर्ज मंजूर होताना एका विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच जोडला गेला आहे. शोध घेताना अमेरिकेतली माहिती समोर आली. तिथे पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत घराच्या बांधकामाला अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख डॉलर अशी कमाल मर्यादा असते, असे वाचले. आपल्याकडे असा वेगळा विमा असतो का, आणि पॉलिसी 81 लाखांची घ्यावी की कर्जाच्या रकमेइतकी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद : हिशेबनीस

घराबद्दल अभिनंदन. आपल्याकडे घरासाठी पुराची वेगळी पॉलिसी घ्यावी लागत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली असून आग, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे, दरड कोसळणे हे सारे धोके तिच्यात मुळातच धरलेले आहेत. एजंट मंडळी ज्याला ‘एसटीएफआय’ म्हणतात, ते वादळ-पुराचे संरक्षण हेच.

आता रकमेकडे वळू. 81 लाख हा आकडा विम्यासाठी उपयोगाचा नाही. त्या किमतीत नेरूळची जागा, स्टेशनचे अंतर, बाजारातली मागणी असे सगळे धरलेले असते, आणि पुराने जमीन वाहून जात नाही. बांधकामाची विमा रक्कम म्हणजे चटई क्षेत्र गुणिले पॉलिसी सुरू होतानाचा त्या भागातला बांधकामाचा दर. समजा, हा दर चौरस फुटाला 3,000 रुपये धरला, तर 450 चौरस फुटांचे 13 लाख 50 हजार होतात. हा दर मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, तुम्ही तो तिथल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी घ्या. कर्जाच्या रकमेचाही या हिशेबाशी संबंध नाही.

घरातले सामान बांधकामाच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, यादी न देता आपोआप धरले जाते. तुमच्या बाबतीत ते 2 लाख 70 हजार होईल. त्याहून जास्त हवे असेल, तर सामानाचा तपशील देऊन रक्कम वाढवावी लागते. तळमजल्यावर राहणाऱ्याने ती वाढवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण पाणी ओसरल्यावर भिंती बहुतेक उभ्याच असतात, गेलेले असते ते सामान.

कर्जात जोडलेला विमा कोणता आहे, ते आजच तपासा. तो बहुधा कर्जदाराच्या मृत्यूनंतर उरलेले कर्ज फेडणारा आयुर्विमा असतो. तसे असेल, तर घरात पाणी शिरल्यावर त्यातून एक रुपयाही मिळणार नाही.

प्रतिसाद : खाडीकाठ

मी बेलापूरमध्ये एकोणीस वर्षे तळमजल्यावर राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खालच्या, भराव घातलेल्या जमिनीवर आहे. भरती आली की धारण तलावाच्या तोंडाशी असलेली झडप मिटते, म्हणजे खाडीचे पाणी आत येत नाही, पण शहरातले पावसाचे पाणीही बाहेर जाऊ शकत नाही आणि ओहोटी होईपर्यंत ते तलावात साठून राहते. तलाव गाळाने भरलेला असला की तेवढी साठवण कमी होते. त्यामुळे किती पाऊस पडला यापेक्षा तो भरतीच्या घटकेला पडला का, हे आमच्याकडे अधिक महत्त्वाचे ठरते.

आमच्या घरात पाणी दारातून आलेच नाही. पहाटे मोरीतल्या जाळीतून आधी बुडबुडे आले, मग काळे पाणी वर चढू लागले आणि पाऊण तासात ते स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांच्या पहिल्या खणापर्यंत पोहोचले. फ्रिज आम्ही टेबलावर चढवला. प्लायवुडच्या ट्रॉल्या मात्र चार दिवसांत फुगून उघडेनाशा झाल्या, आणि कपाटाच्या तळाच्या खणात ठेवलेल्या मुलीच्या गुणपत्रिका एकमेकींना चिकटून गेल्या. विम्याचे पैसे मिळाले, पण ट्रॉल्या बांधकामात धरायच्या की सामानात, यावरच तीन आठवडे पत्रव्यवहार चालला.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. भिंतीला कायम बसवलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल ती कोणत्या रकमेत येते, हे पॉलिसी घेण्यापूर्वी ईमेलवर विचारून घ्या. आणि सामानाचा हिशेब करताना प्रत्येक खोलीत जमिनीपासून कमरेपर्यंतच्या उंचीत काय काय आहे, ते आज नवे घ्यायला किती लागतील, हे वहीत मांडा. गॅलरीतले वॉशिंग मशीन आणि पलंगाच्या पेटीतल्या गाद्या माणूस हमखास विसरतो.

प्रतिसाद : माजी_सचिव

एक महत्त्वाचा मुद्दा राहिला आहे. मीटर खोली, पाण्याचा पंप, भूमिगत टाकी, आवाराची भिंत हे तुमच्या पॉलिसीत नसते, ते सोसायटीचे असते. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या मीटर खोलीत पाणी गेले, तेव्हा सोसायटीची पॉलिसी होती, पण विमा रक्कम अनेक वर्षांपूर्वीच्या बांधकाम दरावर तशीच ठेवलेली होती. जो खर्च भरून निघाला नाही, तो सभासदांवर वर्गणी म्हणून बसला. त्या वेळी सचिव मीच होतो आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या कागदावर सहीसुद्धा मीच करत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

व्यवहार पूर्ण होण्याआधी सोसायटीकडून चालू पॉलिसीची प्रत मागा. तिच्यात पूर समाविष्ट आहे का, विमा रक्कम कोणत्या दराने काढली आहे आणि मुदत कधी संपते, एवढे पाहा. सोसायटीने सर्व घरांच्या बांधकामाचा विमा योग्य रकमेचा घेतलेला असेल, तर तुमचा भर सामानावर ठेवता येईल.

प्रतिसाद : पहिले_घर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कर्जात जोडलेली पॉलिसी तपासली, ती आयुर्विम्याचीच निघाली. खोलीवार यादी केल्यावर सामान 5 लाख 90 हजारांचे भरले. आम्हाला ते दोन लाखांच्या पुढे जाईल असे वाटलेच नव्हते. बांधकामाचा आमचा अंदाज चुकून कमी निघाला, तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते का?

प्रतिसाद : हिशेबनीस

जुन्या पद्धतीच्या पॉलिसींमध्ये तशी कपात होत असे. निम्म्या रकमेचा विमा असेल, तर झालेल्या नुकसानीचेही निम्मेच मिळायचे. गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे, मात्र विमा रकमेच्या वर काहीही मिळत नाही, त्यामुळे दर मुद्दाम कमी धरू नका. अनेक वर्षांची पॉलिसी घेतली, तर बांधकामाची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. घर राहण्याजोगे नसेल तेवढ्या काळाचे पर्यायी घराचे भाडे आणि पुरानंतर सात दिवसांत त्यामुळेच झालेली चोरी, हेही तिच्यात येते. तळमजल्याचे घर उघडे टाकून नातेवाइकांकडे जावे लागते, त्या वेळी हे कलम लक्षात असू द्या. दागिन्यांसाठी मात्र मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण वेगळे घ्यावे लागेल.

तुमच्या घरासाठी मी इंजिनिअरने दिलेल्या दराने बांधकाम आणि सामानासाठी किमान 6 लाख, अशी पॉलिसी घेईन. ताबा मिळतो त्याच दिवसापासून ती सुरू करा, पावसाळ्याची वाट पाहू नका.

प्रतिसाद : खाडीकाठ

गाडी आवारात उभी राहणार असेल, तर ती घराच्या पॉलिसीत येत नाही. तिच्या स्वतःच्या पॉलिसीत केवळ थर्ड पार्टी असेल, तर पुराचे काही मिळणार नाही. आणि मोरीच्या जाळीखाली पाणी उलटे येऊ न देणारी झडप प्लंबरकडून ताबा मिळताच बसवून घ्या. आमच्याकडे ती बसवल्यापासून मोरीतून पाणी वर आलेले नाही.