अनुभव धागा : आपल्या नावाने दुसराच वावरू लागतो तेव्हा

बँकेत, मोबाइलच्या दुकानात किंवा सायबर तक्रारींच्या कामात हे प्रकार ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांनी कृपया लिहावं. नुसतं 'सावध राहा' नको. कुठलं बटण, कुठला आकडा, काय फसतं, ते लिहा.

बँकेच्या काउंटरवरून

ओटीपी आलाच नाही तरी पैसे जाऊ शकतात. आधारवरून पैसे काढताना बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे गुन्हे आपल्या देशात नोंदले गेले आहेत. म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा माय-आधार संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' लावा, म्हणजे तुमचा ठसा कुठेच चालत नाही. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि नेमकं तिथेच ज्येष्ठांचं अडतं : जुना नंबर बंद पडलेला असतो. आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या.

लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागत नाही. मग वैतागून लोक लॉक कायमचं काढून टाकतात. तसं करू नका. तात्पुरतं अनलॉक करा, थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लागतं. आधार कुठे कुठे वापरलं गेलं, याचा मागच्या ६ महिन्यांचा इतिहासही त्याच ॲपवर किंवा संकेतस्थळावर दिसतो. लॉजवर किंवा भाडेकरारासाठी झेरॉक्स द्यायची असेल तर शेवटचे ४ आकडेच दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या, आणि कशासाठी दिलं ते तारखेसह झेरॉक्सवर आडवं लिहा.

मोबाइलच्या दुकानातून

'कुरिअर आलंय, पत्ता सापडत नाही, *४०१* लावून पुढे हा नंबर दाबा' असं कोणी सांगितलं तर फोन ठेवा. अशा कोडने तुमचे कॉल चोराकडे वळू शकतात. मग तो व्हॉट्सॲपचा कोड मेसेजऐवजी कॉलवर मागवतो आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागत सुटतो. *#२१# लावून कॉल वळवलेत का ते बघा, ##००२# लावून सगळं रद्द करा. दोन सिम असतील तर दोन्हींवर. यामुळे मिस्ड कॉल अलर्ट बंद होऊ शकतो, तो नंतर पुन्हा सुरू करता येतो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट'खाली 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आहे. तिथे ६ आकडी पिन ठेवाच, ईमेलही जोडा. ताबा गेलाच तर लगेच आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करा. चोराने स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागेल, पण तो मात्र त्याच क्षणी बाहेर पडतो. म्हणून पिन माहीत नसला तरी मेसेजवर आलेला कोड टाकाच.

अँड्रॉइडवाल्यांसाठी

आरटीओचं चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाअखेरीस 'एपीके' असेल तर ते ॲप आहे. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, म्हणजेच तुमचे ओटीपी. चुकून उघडलं तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फायही बंद आहे ना, ते बघा. अनइन्स्टॉल होत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याची टिकखूण काढा, मग होतं. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं.

बनावट प्रोफाइलबद्दल

घाईने ब्लॉक करू नका. ब्लॉक केल्यावर ते पान तुम्हालाच दिसेनासं होतं. आधी प्रोफाइलची लिंक कॉपी करा, नाव आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, मग तीन टिंबांतून 'रिपोर्ट' करा. चोराने तुम्हाला आधीच ब्लॉक केलेलं असेल तर हे काम मित्राला करायला सांगा. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६सी आणि ६६डी (इंग्रजी C आणि D) लिहा. पहिलं ओळख चोरण्याबद्दलचं, दुसरं तोतयेगिरीने फसवण्याबद्दलचं.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला. बँकेची शाखा उघडायची वाट बघू नका. पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतो, आणि तो फार वेगाने पुढे सरकतो. फोन लावताना हाताशी ठेवा : खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक नसला की शोध अडतो; ॲपच्या व्यवहार इतिहासात तो सापडतो. मग बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चूक ना तुमची ना बँकेची, अशा व्यवहारात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१७च्या परिपत्रकात ठरवलं होतं. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या.