मदत हवी आहे : काळी चारच्या पट्टीसाठी टिन व्हिसल कोणती घ्यावी?

गंगापूररोडकर
नमस्कार. मला काळी चारची, म्हणजे जी शार्प किंवा ए फ्लॅटची टिन व्हिसल (टोकाशी सरळ फुंकून वाजवायची, सहा छिद्रांची धातूची नळी) तातडीने हवी आहे. नाशिकमध्ये मेन रोडपासून नाशिक रोडपर्यंतच्या वाद्यांच्या दुकानांत विचारले. बहुतेक ठिकाणी बासरी दाखवतात आणि एका दुकानदाराने तर खेळाच्या शिक्षकांची शिट्टी काढून समोर ठेवली. ऑनलाइन पाहावे तर जिकडे तिकडे डी आणि सी याच पट्ट्या. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. कोणत्या कंपनीची घ्यावी, एवढेच सांगावे. ‘बासरी घ्या’ असे कृपया कोणी सुचवू नये.

मंद्रपंचम
साथ कोणाला करायची आहे, सध्या आपल्याकडे कोणती व्हिसल आहे आणि खर्चाची मर्यादा किती, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

वेळूवन
आपण नको म्हणालात तरी सांगतो, बासरीच घ्या. व्हिसलची छिद्रे लहान असतात, त्यामुळे अर्धे छिद्र झाकून कोमल स्वर काढणे आणि मींड घेणे (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणे) अवघड जाते. काळी चारची बासरी मागाल तिथे मिळेल.

गंगापूररोडकर
बासरी माझ्याकडे आहे. गायिकेला दोन गीतांमध्ये मुद्दाम व्हिसलचाच आवाज हवा आहे. त्यांची पट्टी काळी चार. अभंग आणि भावगीते, साथीला पेटी आणि तबला. माझ्याकडे डीची पितळी व्हिसल आहे. दोन-अडीच हजारांपर्यंत खर्च करेन. आता तरी कोणी उत्तर देईल का?

जुगाडू_सिडको
नवीन कशाला घेता? नळी आखूड केली की स्वर चढतो. हवा तो स्वर येईपर्यंत डीची नळी खालून थोडी थोडी कापत जा.

मंद्रपंचम
कृपया असे काही करू नका. खालून कापल्याने फक्त सगळी छिद्रे बंद असतानाचा स्वर चढतो, बाकीचे स्वर जवळपास जागेवरच राहतात; आणि वरून आखूड केल्यास वरच्या छिद्रांचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त चढतात. दोन्ही प्रकारांत सप्तक बिघडते, कारण छिद्रांमधली अंतरे त्या नळीच्या मूळ लांबीनुसार पाडलेली असतात.

मुख्य प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही. आपण षड्ज (सा) कोठे धरता?

गंगापूररोडकर
अर्थातच वरची तीन छिद्रे बंद करून. शाळेत असल्यापासून बासरी वाजवतो आहे, षड्ज दुसरा कोठे असणार?

मंद्रपंचम
मग ए फ्लॅट शोधण्याचे कारणच उरत नाही. बासरीची पट्टी आपण तीन छिद्रे बंद असतानाच्या षड्जावरून सांगतो. टिन व्हिसलची पट्टी मात्र सहाही छिद्रे बंद असताना येणाऱ्या स्वरावरून ठरते, आणि बासरीच्या बोटांनी वाजवणाऱ्यासाठी तो स्वर म्हणजे मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प). काळी चारचा मंद्र पंचम काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट. ही व्हिसल जनरेशन कंपनीच्या नेहमीच्या सहा पट्ट्यांत आहे (बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ आणि जी) आणि आपल्या मर्यादेत सहज बसावी. ए फ्लॅटची मागवली असती, तर आपला षड्ज काळी एकवर जाऊन बसला असता.

तारसप्तक_नको
हिशोब बरोबर आहे, पण कानांचा विचार कोणी करायचा? ई फ्लॅटच्या नेहमीच्या व्हिसलवर तीन छिद्रांचा षड्ज सुमारे 831 हर्ट्झ येतो. गायिकेचा षड्ज 208च्या आसपास असणार, म्हणजे व्हिसल दोन सप्तके वर वाजेल आणि अभंगाच्या संथ लयीत ती टोचेल. त्यापेक्षा साधारण 40 सेंटिमीटरची ए फ्लॅटच मागवावी, सहाही छिद्रे बंद करून षड्ज धरावा, तो 415 हर्ट्झला येईल. उशीर होईल, महाग पडेल, पण शोभेल.

मंद्रपंचम
शोभेल, पण षड्जाच्या खाली जाताच येणार नाही. मंद्र पंचम, धैवत, निषाद सोडून भावगीताचे किती मुखडे वाजवता येतील, ते आपणच सांगा. शिवाय सगळी बोटे नव्याने बसवायची, तीही महिन्याभरात! खालचाच आवाज हवा असेल तर खर्ज सप्तकातली ‘लो’ ई फ्लॅट आहे, सुमारे 55 सेंटिमीटरची. तिची छिद्रे बोटांच्या मधल्या पेरांनी झाकावी लागतात, पण लांब बासरी वाजवणाऱ्याला ते नवे नाही. मात्र ती दोन-अडीच हजारांत मिळण्याची आशा ठेवू नका.

पितळी_जीभ
क्लार्क कंपनीच्या व्हिसलची कोणी आठवणच काढली नाही! 1843 पासून पत्रा गुंडाळून, तोंडाशी लाकडी ठोकळा बसवून ते व्हिसल बनवत आले आहेत. तो किंचित हवेशीर, मऊ आवाज पेटीबरोबर फार छान मिसळतो.

मंद्रपंचम
मिसळतो खरा, पण त्यांच्याकडे डी आणि सी. इथे त्याचा उपयोग नाही.

वेळूवन
म्हणूनच म्हणतो, बासरी.

गंगापूररोडकर
लहान ई फ्लॅट आजच मागवतो. ती मुखड्यांवर न वाजवता कडव्यांमधल्या जागा भरण्यापुरती ठेवली, तर गायिकेच्या आवाजावर चढणार नाही, असे त्यांचेही मत पडले. आता एकच सांगा : आमची पेटी ट्यूनर ॲपवर 440च्या मापापेक्षा (ए हा स्वर 440 हर्ट्झला धरणारे प्रमाण माप) थोडी उतरलेली दिसते. जनरेशनचे डोके (फुंकायचा प्लॅस्टिकचा भाग) तर नळीला चिकटवलेले असते. जुळवायचे कसे?

मंद्रपंचम
उतरलेली असेल तर सोपे आहे. चढलेली असती तर मात्र काही करता आले नसते. प्लॅस्टिकचे डोके थोडा वेळ गरम पाण्यात धरा, म्हणजे आतला डिंक सैल होतो. मग नळी न वाकवता, पिळत पिळत बाहेर ओढा. पाणी उकळते नको, प्लॅस्टिक वाकडे होईल. साधारण 3 मिलिमीटर ओढल्यावर अर्ध्या स्वराचा सहावा हिस्सा उतरतो. जुळवण्याआधी पाच मिनिटे वाजवून नळी गरम करून घ्या, कारण थंड नळी उतरलेली बोलते आणि नाशिकच्या थंडीत हा फरक चांगलाच जाणवतो.