मदत हवी आहे : उन्हाळी की नीळ? (तातडीचं!)

कोरडीपाने
उद्या सकाळी ११ वाजता हर्बेरियम शीट (वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद) जमा करायच्या आहेत आणि दोन झाडांवर गाडी अडलीय. एक उन्हाळी आहे, एक नीळ. दोन्ही शेंगावर्गीय, दोन्ही बहुवर्षायू, पानं तशीच, फुलं तशीच. कुठली कोणती, एवढंच सांगा. फोटो जोडलाय. पुस्तकातलं वर्णन चिकटवू नका, ते वाचून झालंय.

रानभूल
फोटो एकच दिसतोय, आणि त्यात झाड कमी, तुमचा अंगठा जास्त. "पानं तशीच" म्हणजे कशी? फुलोरा कुठून निघालाय? शेंगा आहेत का? आणि त्यातली एक नीळ आहे हे कुणी ठरवलं?

कोरडीपाने
दुसरा फोटो चढतच नाहीये. पानं पिसासारखी, टोकाला एकटी पर्णिका (पानातलं छोटं पान), नेहमीसारखी. फुलं जांभळट गुलाबी, वाटाण्याच्या फुलासारखी पण बारीक. नीळ असं झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपने सांगितलं.

सहजच
अ‍ॅप चांगलं आहे, मी तेच वापरतो. चार फोटो काढायचे आणि बहुमत घ्यायचं.

खोडरबर
वनस्पतीची ओळख मतदानाने ठरत नाही हो. नीळ ज्या प्रजातीतली (प्रजात म्हणजे जवळच्या जातींचा गट), त्या इंडिगोफेरात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत. अ‍ॅपला जांभळट गुलाबी ठिपका दिसला की ते त्यातली एक हातात ठेवतं.

भिंगवाला
सोपी युक्ती सांगतो. उन्हाळीचं दुसरं नाव शरपुंखा, म्हणजे बाणाची पिसं. पर्णिकेचं टोक चिमटीत धरून अलगद ओढा. सरळ न तुटता ती व्हीच्या आकारात तुटते, बाणाच्या मागच्या टोकासारखी. बाजूच्या शिरा अगदी जवळजवळ, समांतर, तिरक्या कडेपर्यंत जातात, म्हणून ती त्या रेषेत फाटते. नीळ अशी तुटत नाही. एका मिनिटाचं काम.

आजीचाबटवा
शरपुंखा म्हणजे आयुर्वेदातली प्लीहशत्रू! पांथरीच्या (प्लीहेच्या) विकारांवर नामी. मुळाचा काढा कसा करायचा ते सविस्तर लिहिते.

रानभूल
ताई, झाड कोणतं तेच अजून ठरलं नाहीये, काढा कशाचा करताय? शरपुंखा ज्या टेफ्रोसिया प्रजातीतली, तिच्यातल्या काही जाती मासे गुंगवायला वापरल्या जातात, त्यांच्यात रोटेनोन नावाचं विष असतं. ओळख पटेपर्यंत पातेलं खालीच ठेवा.

आजीचाबटवा
मी फक्त माहिती देत होते. राहिलं.

कोरडीपाने
भिंगवालाकाका, केलं. दोन्ही आडवीतिडवी तुटली, चुरा झाला. म्हणजे दोन्ही नीळ?

भिंगवाला
अहो, शीटवरचं वाळलेलं पान तोडलंत की काय?

कोरडीपाने
हो मग, दुसरं कुठलं असणार?

भिंगवाला
🤦 ताजं पान लागतं! वाळलेली पर्णिका पापडासारखीच मोडणार. झाडं जवळ आहेत का?

कोरडीपाने
चालत दहा मिनिटं. जातो.

निळाई
अवांतर : नीळ म्हटलं की राहवत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी प्रयोगशाळेत नीळ बनवण्याची वाट शोधली, बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि बघता बघता नीळीची शेती बसली. बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं. मुळात हिरव्या पानात निळा रंग नसतोच. पानं पाण्यात कुजवून, ते पाणी घुसळून त्याला हवा दाखवली की रंग येतो.

सहजच
भारीच. वेगळा धागा काढा यावर.

खोडरबर
व्हीवर फार विसंबू नका. पान मोडून जात कळत असती तर आम्ही फुलं कशाला उकलली असती? फुलोरा बघा. नीळीचा पानाच्या बेचक्यातून निघतो. उन्हाळीचा फांदीच्या टोकाला, नाहीतर चक्क पानाच्या समोरच्या बाजूने. आणि दहापट भिंगाखाली लव बघा. नीळीचा केस मधोमध चिकटलेला आणि दोन्हीकडे पसरलेला असतो, उन्हाळीचा साधा, एका टोकाने रुजलेला.

भिंगवाला
रात्री साडेआठला त्यांच्याकडे भिंग कुठून येणार?

खोडरबर
भिंग नाही तर निदान शेंग तरी. नीळीची गोलसर, काडीसारखी. उन्हाळीची चपटी, टोकाला किंचित वर वळलेली, आणि वाळून फुटली की दोन्ही फाका पिळल्यासारख्या होतात.

कोरडीपाने
आलो. टॉर्च लावून केलं. दोन्हीचा बाण झाला. स्वच्छ व्ही. चाचणीच खोटी आहे.

भिंगवाला
चाचणी खोटी नाही. तुमची नीळ खोटी असेल. दुसरीचा फुलोरा कुठून निघालाय?

कोरडीपाने
पानाच्या समोरून. आणि टोकाला पण. पण मग दोन झाडं वेगळी का दिसतात? दुसऱ्याची पानं खालून रेशमासारखी मऊ आहेत.

रानभूल
हे आत्ता सांगताय?! शेंगा कशा आहेत दुसऱ्याच्या? सगळ्यात पहिल्यांदा विचारलं होतं.

कोरडीपाने
शेंगांवर पांढरी बुरशी आली होती, दाट कापसासारखी. शीटवर वाईट दिसेल म्हणून छाटून टाकल्या.

खोडरबर
बुरशी!! देवा. ती लव होती. शेंगा विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या का?

कोरडीपाने
हो, चांगल्याच. मला वाटलं बुरशीमुळेच वाकल्या.

खोडरबर
टेफ्रोसिया विलोसा. उन्हाळीचीच लोकरी बहीण. विलोसा म्हणजेच लवदार. पहिली टेफ्रोसिया परप्युरिया, म्हणजे आपली नेहमीची उन्हाळी. तुमच्याकडे नीळ नव्हतीच, दोघी एकाच प्रजातीच्या. अ‍ॅपला नमस्कार सांगा.

भिंगवाला
म्हणजे माझ्या व्हीने प्रजात बरोबर सांगितली. नोंद घ्यावी.

खोडरबर
प्रजात सांगितली, जात नाही. तीही नोंद घ्यावी.

रानभूल
झाडावर अजून शेंगा असतील तर एक आणून छोट्या कागदी पाकिटात घालून शीटला लावा. आणि या वेळी साफ करू नका.

कोरडीपाने
परत दहा मिनिटं चालायचं? बरं, जातो. पण लेबलवर पक्क्या शाईने 'नीळ' लिहून, डिंकाने चिकटवून झालंय.

सहजच
शाई निळीच आहे ना? मग अगदीच चूक नाही.