उंदराच्या मधुमेहाचा दोष नायट्रिक ऑक्साइडवर टाकणं बरोबर आहे का?

बीटापेशी (धागाकर्ता):
प्रयोगशाळेतल्या विस्टार जातीच्या उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह घडवणारं रसायन) टोचायचं, तीन दिवसांनी साखर बघायची, मग रक्तातलं नायट्राइट, जे नायट्रिक ऑक्साइडपासून बनतं. ग्रीस अभिकर्मकाने (नायट्राइट ओळखणाऱ्या रसायनाने) नळी गुलाबी झाली की निष्कर्ष तयार: नायट्रिक ऑक्साइडने मधुमेह झाला! मला हे अजिबात पटत नाही. स्ट्रेप्टोझोटोसिनला ग्लुकोजचं शेपूट असतं, म्हणून ते ग्लुट-२ च्या (पेशीत ग्लुकोज नेणाऱ्या प्रथिनाच्या) वाटेने थेट इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरतं आणि डीएनएला मिथाइल गट चिकटवतं. डागडुजीला पार्प हे एन्झाइम येतं आणि त्या कामात पेशीतलं एनएडीच (ऊर्जा बनवायला लागणारा रेणू) संपवून टाकतं. डीएनएला तसेच मिथाइल गट चिकटवणारं मिथाइल मिथेनसल्फोनेट तर नायट्रिक ऑक्साइड सोडतच नाही, तरी बीटा पेशी मारतं.

रात्रपाळी:
असहमत. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वतःच पेशीत नायट्रिक ऑक्साइड सोडतं, ते कसं विसरता? शिवाय उंदराच्या स्वादुपिंडातली बेटं (बीटा पेशी असलेले पुंजके) इंटरल्यूकिन-१ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनात ठेवा: इन्सुलिन स्रवणं मंदावतं. सोबत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम रोखणारं औषध घाला, स्राव बराचसा टिकतो. हा वायू अ‍ॅकोनिटेज या ऊर्जानिर्मितीतल्या एन्झाइममधल्या लोहाला धरतो, पेशीची ऊर्जाच तुटते.

बीटापेशी:
बेटांचं मान्य. पण ती दाहाची गोष्ट झाली, एकाच मोठ्या डोसची नव्हे. आणि माणसाच्या बेटांवर तेच औषध टाकलं तर तसं संरक्षण मिळत नाही. अमिनोग्वानिडिन या नायट्रिक ऑक्साइडचं एन्झाइम रोखणाऱ्या औषधाच्या निकालांवरही मी विसंबणार नाही; ते प्रथिनांवर साखर चढणंही रोखतं, मग श्रेय कोणाला द्यायचं?

पिंजरा नं. ७:
मी हे उंदीर सांभाळलेत. टोचल्यावर काही तासांनी मरणाऱ्या पेशींतलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर कोसळते. रात्री बाटलीत ग्लुकोजचं पाणी ठेवलं नाही तर सकाळपर्यंत काही दगावतात. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातला भुसा लघवीने चिंब असतो. तोवर बीटा पेशींचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं! तेव्हाचं नायट्राइट खाद्यातल्या नायट्रेटवर आणि मूत्रपिंडांवरही अवलंबून. दोघांनाही विनंती: एन्झाइम रोखणारं औषध स्ट्रेप्टोझोटोसिन टोचण्याआधी दिलं की नंतर, एवढं तरी आधी विचारा.

रात्रपाळी:
हे मान्य. पण "नंतर" म्हणजे किती तासांनी? माझ्या मते पहिल्या सहा तासांत बेटं काढून त्यांतलं नायट्रिक ऑक्साइड मोजल्याशिवाय दोन्ही बाजूंना बोलायचा हक्क नाही.