तुम्हाला मानवणारी मिटिंग कशी सापडली? (अनुभव धागा)

काल कपाटाचा खण आवरताना चार घड्या घातलेला एक कागद हाती लागला. त्यावर दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सहा सभांचे वार आणि वेळा लिहिल्या होत्या, त्यातल्या पाचांवर काट मारलेली होती आणि पहिलीपुढे माझ्याच अक्षरात ‘हे लोक माझ्यासारखे नाहीत’ असा शेरा होता. त्या सभेत दाराजवळच्या खुर्चीवर मी गाडीची किल्ली मुठीत धरून बसलो होतो. पाळी आली तेव्हा ‘आज फक्त ऐकतो’ एवढेच म्हणालो आणि कोणी आग्रह केला नाही. मात्र त्या दिवशी ज्यांनी शेअरिंग केले, म्हणजे आपली कहाणी सांगितली, त्या सर्वांची नोकरी गेलेली होती किंवा घर मोडलेले होते, आणि माझे दोन्ही शाबूत असल्यामुळे आपल्याला हा आजारच नाही असा सोयीचा निष्कर्ष काढून मी पुढचे आठ महिने प्यायलो. सहावी सभा लागू पडली ती एका साध्या कारणाने. संध्याकाळी साडेसात ही माझी पहिला पेग भरण्याची वेळ होती, आणि ती सभा नेमकी साडेसातला सुरू होत असे. आपापले अनुभव कृपया लिहा, न जमलेल्या सभांचेही.

प्रतिसाद १
माझा शेरा ‘फार हसतात’ असा होता. आपला संसार जळत असताना ही माणसे स्वतःच्या फजितीवर हसतात कशी, याचा मला संताप आला होता. हल्ली सर्वांत मोठ्याने मीच हसतो.

प्रतिसाद २
खुली सभा आणि बंद सभा यांतला फरक मला कोणीतरी आधी सांगायला हवा होता. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये (दारू सोडू पाहणाऱ्यांची, एकमेकांना आधार देणारी संघटना) सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे, फी नाही. पण बंद सभेला ती इच्छा असलेलेच बसतात, नातेवाईक नाहीत. मी पत्नीला घेऊन गेलो ती नेमकी बंद सभा निघाली आणि ती बिचारी तासभर जिन्यात बसून राहिली.

प्रतिसाद ३
जिन्यात बसणाऱ्यांपैकी मीही एक आहे. नवऱ्यासाठी सभांची यादी मी करायची, वेळ मी लक्षात ठेवायची आणि त्याने माझे मन राखण्यापुरते जाऊन यायचे, असे वर्षभर चालले. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट १९५१ पासून आहे, हे मला फार उशिरा कळले. तिथे एका ताईंनी विचारले, “त्यांच्या सगळ्या सभा पाठ आहेत तुम्हाला, तुमची स्वतःची कोणती?” त्या दिवसापासून मी यादी करणे थांबवले. तीन महिन्यांनी तो आपणहून गेला, आणि मी कधीच निवडली नसती अशा सभेत रमला.

प्रतिसाद ४
माझे गाडे ईश्वराच्या उल्लेखापाशी अडले. ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ अशी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे व्यसनमुक्तीच्या टप्प्यांमध्ये, सवलत आहे, हे ठाऊक असूनही प्रार्थनेच्या वेळी मी जमिनीकडे पाहत असे. मग स्मार्ट रिकव्हरी या दुसऱ्या व्यसनमुक्ती गटाच्या ऑनलाइन सभा धरल्या. तिथे विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतींवर भर असतो, स्वतःला मद्यपी म्हणवून घ्यावे लागत नाही आणि एकमेकांच्या बोलण्यावर चर्चाही करता येते. परंतु तिथे स्पॉन्सर (नव्याला हात देणारा जुना सभासद) नसतो, आणि रात्री अकराला तलफ आली की मला तंत्र नको असते, फोन उचलणारा माणूस हवा असतो. सध्या मी दोन्हीकडे जातो. एका जागी याला बेइमानी समजतात, दुसऱ्या जागी कोणी विचारतही नाही.

प्रतिसाद ५
खोलीत वीस पुरुष आणि मी एकटी. सभा संपल्यावर एक जुने सभासद ‘मार्गदर्शन’ करण्यासाठी रोज फोन करू लागले. नव्या बाईच्या असे मागे लागण्याला आमच्यात थट्टेने तेरावी पायरी म्हणतात, पण नव्याने आलेल्या बाईला ती थट्टा वाटत नाही. मी तो गट सोडला, दारू सोडण्याचा प्रयत्न सोडला नाही, आणि केवळ स्त्रियांची सभा शोधली. ज्या गोष्टी मी पुरुषांसमोर सहा महिने गाळत आले होते, त्या तिथे दुसऱ्याच आठवड्यात बोलून मोकळी झाले.

प्रतिसाद ६
मी रोज पितो. सभेला जाण्याआधी चार दिवस स्वतःच्या बळावर बंद करून, जरा नीटनेटका होऊन जावे असा विचार आहे. योग्य ठरेल का?

प्रतिसाद ७
दादा, तसे करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. मी असाच शहाणपणा केला होता. दुसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती आणि मी त्या टॉवेलने पुसत होतो. सभेला नीटनेटके होऊन येण्याची काहीही गरज नसते.

प्रतिसाद ८
नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा हा सल्ला मी तेहतीसपर्यंत पाळला आणि चौतिसाव्या दिवशी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो. लाज वाटून, कोणी ओळखू नये म्हणून दुसऱ्या टोकाच्या सभेला गेलो, तर तिथे आधीच्या गटातले दोघे बसलेले. तेही त्याच कारणाने आले होते.

प्रतिसाद ९ (प्रतिसाद ६ लिहिणारा)
डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतली आहे. त्यांनी हरकत घेतली नाही तर संध्याकाळी सभेलाही जाईन. मागच्या रांगेत बसले तर चालते का?

धागाकर्ता
चालते. फक्त दहा मिनिटे आधी पोहोचा, कारण मागची रांग सर्वांत आधी भरते आणि उशिरा येणाऱ्याला थेट पुढे बसावे लागते.