उबुंटू पुन्हा सुरू केल्यावर प्रिंटरची सेटिंग्ज मूळपदावर जातात

प्रश्न (वाचनालय_कार्यालय)

आमच्या कार्यालयातील संगणकावर उबुंटू २२.०४ ही संचालन प्रणाली असून वायफायवरील लेझर प्रिंटर त्याला आपोआप सापडला, म्हणजे तो मी स्वतः जोडलेला नाही. सेटिंग्जमध्ये कागद ए४ आणि छपाई दोन्ही बाजूंना असे ठरवले की दिवसभर काम सुरळीत चालते. परंतु संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की कागद 'लेटर' आणि छपाई एकाच बाजूला अशी मूळ स्थिती परत येते. मग ट्रेमध्ये ए४ कागद असूनही प्रिंटर लेटर कागद मागत थांबून राहतो. हे बदल कायम राहावेत यासाठी काय करावे?

उत्तर (टर्मिनल_प्रेमी)

प्रथम टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'एलपीस्टॅट' ही आज्ञा 'व्ही' या पर्यायासह चालवून प्रिंटरच्या नावापुढे कोणता पत्ता दिसतो ते पाहावे. तो 'इम्प्लिसिटक्लास' या शब्दाने सुरू होत असेल, तर ती क्यू, म्हणजे प्रिंटरची संगणकावरील नोंद, कप्स-ब्राउज्ड या सेवेने तयार केलेली आहे. ही सेवा नेटवर्कवरील प्रिंटर शोधून त्यांच्या क्यू बनवते आणि गरजेनुसार त्या काढून पुन्हा नव्याने उभ्या करते. तुम्ही बदललेले पर्याय वेगळे नोंदवून ठेवण्याची सोय तिच्यात आहे, त्यामुळे अनेकांना ही अडचण जाणवतही नाही. पण ती नोंद राहिली नाही किंवा प्रिंटर वेगळ्या नावाने सापडला, तर नवी क्यू मूळ पर्यायांसहच येते.

वाचनालय_कार्यालय

पत्ता 'इम्प्लिसिटक्लास'नेच सुरू होतो. ही सेवा बंद केली तर छपाईच बंद पडणार नाही ना?

उत्तर (जुना_प्रशासक)

बंद पडणार नाही. छपाईचे मूळ काम कप्स ही उबुंटूमधील छपाई प्रणाली करते. कप्स-ब्राउज्ड हा केवळ शोध घेणारा मदतनीस आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये याच सेवेतील गंभीर सुरक्षात्रुटी उघड झाल्या होत्या, तेव्हा ज्या कार्यालयात एकच ठरलेला प्रिंटर आहे तिथे ती चालू ठेवण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

आधी 'सिस्टिमसीटीएल' या सेवा हाताळणाऱ्या आज्ञेने ही सेवा थांबवावी आणि 'डिसेबल'ही करावी, कारण नुसती थांबवलेली सेवा पुढच्या वेळी पुन्हा सुरू होते. त्यानंतर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे (म्हणजे याच संगणकाचे) ६३१ क्रमांकाचे पोर्ट उघडले की कप्सचे पान दिसेल. तेथे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मधून प्रिंटर स्वतः जोडावा, त्याला जुन्यापेक्षा वेगळे नाव द्यावे आणि प्रिंटर अलीकडचा असल्यास 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे वेगळा ड्रायव्हर न लागणारे मॉडेल निवडावे. यासाठी कप्स प्रिंटरकडूनच त्याच्या क्षमतांची माहिती घेते, म्हणून त्या वेळी प्रिंटर चालू असला पाहिजे. पत्त्यात आयपी क्रमांक देणार असाल तर राउटरमध्ये तो क्रमांक प्रिंटरसाठी राखून ठेवावा. अन्यथा वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला दुसराच क्रमांक मिळेल आणि सेटिंग्ज शाबूत असूनही छपाई होणार नाही. शेवटी त्याच पानावरील 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये ए४ आणि दोन्ही बाजूंची छपाई निवडावी.

ही क्यू आता कप्सच्या स्वतःच्या 'प्रिंटर्स.कॉन्फ' या फाइलमध्ये नोंदली जाते, म्हणून ती टिकते. मात्र कप्स चालू असताना ती फाइल हाताने बदलू नये, कारण कप्स ती पुन्हा लिहिते आणि तुमचा बदल पुसला जातो.

उत्तर (अक्षरजुळणी)

यात एक भर घालतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी (भाषा व देशाची सेटिंग) अमेरिकी इंग्रजी असेल तर कागदाचा मूळ आकार लेटर धरला जातो. लेटर २१६ × २७९ मिलिमीटरचा, तर ए४ २१० × २९७ चा. त्यामुळे मांडणी भारतीय इंग्रजी किंवा मराठी ठेवावी. लिब्रेऑफिसमधील नवे दस्तऐवजही मग ए४ आकाराचे उघडतील.

वाचनालय_कार्यालय

सांगितल्याप्रमाणे केले आणि पुन्हा सुरू केल्यावरही ए४ कायम आहे. परंतु याच संगणकावरील सहकाऱ्याच्या खात्यातून छपाई अजूनही एकाच बाजूला होते.

उत्तर (जुना_प्रशासक)

वापरकर्त्याची वैयक्तिक निवड संपूर्ण संगणकाच्या निवडीवर मात करते. त्यांच्या होम फोल्डरमध्ये 'कप्स' नावाचे लपलेले फोल्डर असेल आणि त्यात 'एलपीऑप्शन्स' ही फाइल असेल. तिच्यात नव्या प्रिंटरच्या नावापुढे एका बाजूच्या छपाईचा पर्याय आढळल्यास ती ओळ काढून टाकावी, म्हणजे त्यांच्या खात्यालाही तुम्ही ठरवलेले पर्याय लागू होतील.