फोल्डरच्या यादीसाठी स्क्रिप्ट म्हणजे दिखावा?

निळीशाई
काल इथे कोणीतरी लिहिलं, "फायलींची यादी काढायला स्क्रिप्ट लिहिणं हा दिखावा आहे, विंडोजच्या 'डिर' कमांडची एक ओळ पुरते." तीच ओळ मी मारली होती. 11 हजार फायली, निम्म्यांची नावं मराठीत. यादी टेक्स्ट फायलीत उतरवली तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. दोन दिवस हाताने नावं जुळवत बसले. शेवटी पायथनच्या 15 ओळी लिहिल्या: नाव, मार्ग, आकार, तारीख. 40 फायलीवाल्यांनी आम्हाला शिकवू नये.

जुनाखोड
लिहिणारा मीच. विंडोजची कमांड खिडकी 'सीएमडी स्लॅश-यू'ने उघडून डिर चालवलं असतंत तर यादी यूटीएफ-16 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, उतरली असती आणि मराठी शाबूत राहिली असती. साधन नीट माहीत नाही, हा साधनाचा दोष नव्हे.

रकानेवाली
आणि आकार-तारखेचे रकाने कोण पाडणार? विंडोजच्याच पॉवरशेलमधल्या गेट-चाइल्डआयटम, सिलेक्ट, एक्स्पोर्ट-सीएसव्ही या तीन कमांड, झालं काम. आवृत्ती 5.1 असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-8 सांगायला विसरू नका, नाहीतर तिथेही प्रश्नचिन्हंच.

तिसरामजला
मूळ चूक मराठी नावं देण्यातच आहे. इंग्रजी अक्षरं, अंडरस्कोर, स्पेस नको. सगळे प्रश्न तिथेच मिटतात.

निळीशाई
यंत्राला वाचता येत नाही म्हणून माणसाने आपली लिपी सोडायची?

तिसरामजला
भावनेचा प्रश्नच नाही. एक्स्ट-4 मध्ये, म्हणजे लिनक्सच्या डिस्कवर फायली ठेवायच्या पद्धतीत, नावाला 255 बाइट मिळतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे धरून. 85 चिन्हांत नाव संपलं. विंडोजवरची माझी लांब नावं लिनक्सवर कॉपीच होईनात. तुमच्यावर ही वेळ आलेली नाही, म्हणून बोलताय.

रकानेवाली
85 चिन्हांपेक्षा लांब नाव तुम्ही का देता, ते आधी सांगा! आईने स्वतःची पत्रं स्कॅन करून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने मराठीत नाव दिलंय. त्यातलं एकही मी बदलणार नाही. विषय संपला.

जुनाखोड
लिपीवर भांडताय, तारखेचं कोणी बोलत नाही. मला स्क्रिप्टची चीड का, तर एकाने लिहून दिलेल्या, जुन्या प्रती पुसणाऱ्या स्क्रिप्टने लिनक्सवरचा सीटाइम म्हणजे फाइल बनल्याची तारीख धरली; खरं तर नुसत्या परवानग्या बदलल्या तरी तो बदलतो. जुन्या प्रतीच्या परवानग्या मी नुकत्याच बदलल्या होत्या, त्यामुळे तीच 'सर्वांत नवी' ठरली आणि खरी नवी प्रत पुसली गेली. तीन महिन्यांचं काम गेलं.

निळीशाई
हे वाईट झालं. सीटाइमचा मुद्दा मान्य. मी एमटाइम घेते, मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. पण माझी स्क्रिप्ट फक्त वाचते, काही पुसत नाही. तुमचा राग पुसणाऱ्या स्क्रिप्टवर आहे, तो यादीवर कशाला काढता?

जुनाखोड
'दिखावा' शब्द मागे घेतो. 40 फायलींना मी डिरच वापरणार. त्या 15 ओळी इथे टाका, आधी वाचेन, मगच चालवेन.